केळीच्या घडातला निरोप्या

'एक नासका आंबा सगळी अढी नासवतो' ही म्हण तुम्ही नक्की ऐकली असेल. बहुतेक वेळा ती तुमच्या एखाद्या मित्राकडे बघून म्हटली जाते! पण एका आंब्यामुळे शेजारचा आंबा बिघडतो कसा, हे मोठी माणसं कधी सांगत नाहीत. तो आंबा शेजाऱ्याच्या कानात काही सांगतो की काय?

सांगतो. अगदी खरंच सांगतो.

मी मूळचा धुळ्याचा. सुट्टी लागली की आमची वरात मामाच्या गावाला, रावेरकडे निघायची. धुळ्याहून चाळीसगाव, तिथे गाडी बदलायची, मग जळगाव, भुसावळ आणि पुढे खिडकीबाहेर नुसती केळीच केळी. मामाकडे बागेतून कापून आणलेला घड हिरवागार आणि दगडासारखा कडक असायचा. एकदा मी त्यातलं एक केळं चोरून सोललं. हाताला चीक, तोंडात तुरट चव, शर्टावर डाग. मामा म्हणाला, "भाऊ, पिकू तर दे!" मामी मात्र काही न बोलता दोन फण्या धान्याच्या कोठीत ठेवायची आणि त्यांच्यात एक पिवळं केळं खुपसायची.

"हे कशाला?"

"लवकर पिकतात."

"पण का पिकतात?"

"पिकतात म्हणून पिकतात!"

मामीच्या या उत्तराचा राहिलेला अर्धा भाग मला कॉलेजात गेल्यावर कळला. पिकू लागलेलं फळ एक वायू सोडतं. त्याचं नाव इथिलीन. शेजारच्या कच्च्या फळाला तो लागला की त्याला निरोप मिळतो, 'चला, पिकायची वेळ झाली.' मग ते फळही इथिलीन सोडू लागतं आणि निरोप पुढे जातो. 1901 साली रशियात नेल्युबोव नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला दिसलं की प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं भलतीच वाकडी वाढतायत. दिव्यासाठी आणलेला गॅस नळीतून गळत होता आणि त्यातलं इथिलीन रोपांना 'निरोप' देत होतं! फळं स्वतःच हा वायू तयार करतात, हे 1934 साली रिचर्ड गेन यांनी सफरचंदांवर दाखवून दिलं. आज केळी पिकवायच्या थंड खोल्यांमध्ये हवेच्या दहा हजार भागांत जेमतेम एक भाग इथिलीन सोडतात. तेवढ्यावर खोलीभर केळी पिवळी होतात.

आणि आत काय होतं? कच्च्या केळ्याच्या गरात शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम पिठूळ पदार्थ असतो, म्हणजे स्टार्च. साखर जवळजवळ नाहीच. पिकल्यावर सगळा हिशोब उलटा होतो. स्टार्च एक-दोन ग्रॅम उरतो आणि बाकीच्याची साखर होते. वेफर्स कच्च्या केळ्याचेच का करतात, ते कळलं ना?

असा थोडासाच पदार्थ, जो एका जागी तयार होतो आणि दुसरीकडे जाऊन काम करवून घेतो, त्याला संप्रेरक म्हणतात. इंग्रजीतला 'हार्मोन' हा शब्द 1905 साली अर्नेस्ट स्टार्लिंग या डॉक्टरांनी वापरात आणला. केळ्याचा निरोप हवेतून जातो, आपला रक्तातून.

आता ते केळं खाऊन टाका आणि एक गंमत ऐका. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं. एवढ्या रक्तात साखर किती असेल? पाव किलो? वाटीभर? छे! एक लहान चमचा. सुमारे पाच ग्रॅम. आणि एका मध्यम पिकल्या केळ्यात साखर असते चौदा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका केळ्याबरोबर रक्तात असते त्याच्या जवळजवळ तिप्पट साखर पोटात जाते. तरी दोनेक तासांनी रक्त तपासलं तर पुन्हा चमचाभरच! बाकीची गेली कुठे?

ती पेशींमध्ये गेली. तिला तिथे पाठवायचं काम करतं इन्सुलिन. पोटाच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. त्यात छोट्या बेटांसारखे पेशींचे पुंजके असतात. 1869 साली पॉल लँगरहान्स या एकवीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ते सूक्ष्मदर्शकातून प्रथम दिसले. तिथून इन्सुलिन रक्तात सुटतं आणि अंगभर निरोप देतं, 'साखर आली आहे, उतरवून घ्या.'

असं समजा, रावेरजवळच्या सावद्याहून केळ्यांची गाडी दिल्लीला पोचली. पण गाडी आल्याचा निरोप बाजारात गेलाच नाही. डबे रुळावर उभे, केळी सडतायत, आणि शहरातले लोक उपाशी. मधुमेहात नेमकं हेच होतं. रक्तात साखर मावत नाही आणि पेशी मात्र भुकेल्या. काही जणांच्या अंगात निरोप्याच उरत नाही. शरीराची स्वतःचीच संरक्षक फौज चुकून त्या बेटांवर चाल करून जाते. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह, आणि तो बऱ्याचदा तुमच्यासारख्या मुलांना होतो. दुसऱ्या प्रकारात निरोप्या असतो, ओरडतोही, पण पेशी नीट ऐकत नाहीत.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. पहिल्या प्रकारचा मधुमेह गोड खाल्ल्यानं होत नाही. वर्गातल्या एखाद्या मुलीला तो असेल आणि कुणी तिला 'जास्त चॉकलेटं खाल्लीस' म्हणत असेल, तर ते साफ चूक आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशी मुलं फार काळ जगत नसत. कॅनडातल्या टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा इस्पितळात होता. वजन तीस किलोसुद्धा नाही. 11 जानेवारी 1922 रोजी त्याला गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या रसाचं इंजेक्शन दिलं. फारसा उपयोग झाला नाही, उलट सुई टोचली तिथे गळू झालं. जेम्स कॉलिप नावाचे शास्त्रज्ञ दिवसरात्र तो रस शुद्ध करत बसले. 23 जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली, आणि लिओनार्डच्या रक्तातली साखर उतरली! हे संशोधन सुरू करणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांचा वाढदिवस 14 नोव्हेंबर. हो, आपला बालदिन! जागतिक मधुमेह दिनही त्याच दिवशी असतो.

आता तिथून थेट पुण्याला येऊ. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक कोडं पडलं होतं. आपल्याकडे सडपातळ माणसांनाही मधुमेह कसा होतो? उत्तर शोधायला त्यांच्या गटानं 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू केलं. बाळ जन्मायच्या आधीपासूनच! आई काय खाते, शेतात किती राबते, हे सगळं वहीत उतरायचं. बाळ जन्मलं की त्याचं वजन, दंड, पोट मोजायचं. चिमट्यासारख्या एका उपकरणात पाठीवरची कातडी हलकेच धरून तिच्याखाली चरबी किती, तेही बघायचं. बाळ किती रडत असेल!

ही बाळं सरासरी 2.7 किलोची निघाली. इंग्लंडमधली बाळं 3.5 किलोची. आपलं बाळ सगळीकडून लहान होतं, पण चरबीत मात्र फारसं मागे नव्हतं. बारीक अंग आणि आत लोणी! ज्या आयांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त होतं, त्यांची बाळं थोडी मोठी होती, हेही त्या वह्यांतूनच कळलं. मला यातलं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं ते चिकाटीचं. ती बाळं मोठी होत गेली आणि डॉक्टर त्यांना मोजतच राहिले. आज ती पंचविशी ओलांडलेली माणसं आहेत.

याज्ञिकांनी स्वतःलाही सोडलं नाही. 2004 साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के! खाली मिश्कील टीपही होती. युडकिन मॅरेथॉन पळतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन गाठणं.

मग केळं खायचं की नाही? मी जळगाव-रावेरच्या बाजूनं असल्यामुळे माझं मत पक्षपाती समजा, पण धावणाऱ्या-खेळणाऱ्या मुलानं केळं जरूर खावं. खेळताना स्नायू रक्तातली साखर भराभर उचलतात.

आता तुम्हीही थोडं मोजून बघा. एकाच फणीतली चार कच्ची केळी घ्या. दोन कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवा, दोन नुसतीच बाहेर ठेवा. रोज रंग वहीत लिहा, तारखेसकट. दर दोन दिवसांनी एक पातळ चकती कापून, घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, तिच्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. स्टार्च असेल तर चकती निळी-काळी पडेल, साखर झाली असेल तर रंग फारसा बदलणार नाही. निरोप कुठल्या केळ्याला आधी पोचला ते आम्हाला कळवा. आणि हो, आयोडीन लावलेली चकती फेकून द्यायची. उरलेलं केळं तुमचं.