एक रेघ, बाकी हिशेब

समांतर रेघांचा सुकाळ भिवंडीइतका दुसऱ्या कुठल्या गावाच्या नकाशांत असेल, असे मला वाटत नाही. आधी यंत्रमागांच्या शेडा. मग मुंबईच्या जकात हद्दीबाहेर म्हणून पूर्णा, काल्हेर, दापोडे, राहनाळ, मानकोली या पट्ट्यात उभी राहिलेली गोदामे. 2017 साली जकात गेली, जीएसटी आला, तरी गोदामे वाढतच राहिली. खांबांच्या ओळी, छपराचे पत्रे पेलणाऱ्या पर्लिनच्या ओळी, रॅकच्या ओळी, ट्रक लावायच्या पट्ट्या. इथल्या ड्राफ्ट्समनचा निम्मा जन्म एकाच रेघेच्या शेजारी तशीच दुसरी रेघ काढण्यात जातो. ती रेघ यंत्राकडून कशी काढून घ्यावी, याचा हा आढावा.

टी-स्क्वेअर, मिनी ड्राफ्टर, रॉटरिंगची शाई आणि अमोनिया प्रिंटचा वास यांवर दिवाळी अंकांतून पुरेसे गहिवरून झाले आहे. मी ते पान उलटतो. आयव्हन सदरलंड यांनी 1963 मध्ये एमआयटीत स्केचपॅड दाखवले, तेव्हाच दोन रेघा समांतर राहाव्यात ही अट यंत्राला घालता येत होती. ऑटोकॅडमध्ये तशा अटी यायला 2010 ची आवृत्ती उजाडावी लागली. मधल्या काळात आमचा संसार चालला तो ऑफसेटवर. 1986 च्या 2.5 आवृत्तीत तो आला. अंतर द्या, रेघ निवडा, बाजू दाखवा. पुन्हा रेघ निवडा, पुन्हा बाजू दाखवा. शंभर पर्लिन असतील तर शंभर वेळा.

पण त्याच वर्षी जानेवारीत, 2.18 आवृत्तीबरोबर, ऑटोलिस्प आले होते: ऑटोकॅडला आपल्या कमांड शिकवायची भाषा. आमच्या धंद्यातली सर्वांत मोठी घटना कोणती असे विचाराल तर मी हीच सांगेन. जॉन मॅकार्थी यांनी 1958 च्या सुमारास मांडलेली लिस्प ही भाषा, जिचे नाव कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळांत घेतले जाई, ती कल्याण नाक्यावरच्या पोटमाळ्यावर ले-आउट काढणाऱ्या पोराच्या हाती आली.

मी ज्याचा आयुष्यभर पुरस्कार केला ते ऑटोलिस्पमधले रूटीन पंधरा-वीस ओळींचे आहे. एंटसेलने रस्त्याची मध्यरेषा निवडायची, गेटपॉइंटने बाजू दाखवायची आणि पुढे अंतरांची यादी द्यायची. बारा मीटरच्या रस्त्याला मध्यापासून 4.5 वर डांबराची कड, 6 वर प्लॉटची हद्द, 10.5 वर पुढच्या मोकळ्या जागेची रेषा. यादीतल्या प्रत्येक अंतराशेजारी त्याच्या लेयरचे नाव. फोरीच ती यादी चाळतो आणि रेघा आपापल्या लेयरवर, आपापल्या रंगात पडतात. साधा ऑफसेट नवी रेघ मूळ रेघेच्याच लेयरवर टाकी. दुसऱ्या लेयरची सोय त्यात पुष्कळ पुढे आली. मध्यरेषेच्याच लेयरवर पडलेल्या प्लॉट-हद्दी निस्तरण्यात किती रात्री गेल्या, ते ज्यांच्या गेल्या त्यांना ठाऊक.

दोन पथ्ये मात्र पाळायची. मध्यरेषा आधी पीएडिटने सलग पॉलिलाइन करून घ्यायची, नाहीतर वळणावर फटी राहतात. आणि प्रत्येक अंतर मध्यरेषेपासून मोजायचे, शेजारच्या रेघेपासून नाही. शेजारची रेघ कुणी ट्रिम केलेली असते, कुणी ओढलेली असते, आणि तिचा दोष पुढच्या सगळ्या रेघा वारशाने घेतात. पट्टेरी शर्टिंगचे नमुने काढणाऱ्यांनाही हेच रूटीन चाले. निळे दोन, पांढरे सहा, करडा एक, की पुन्हा पहिल्यापासून.

यावर काही विद्वान म्हणत, एवढा खटाटोप कशाला, ॲरे आहे की! ॲरे सारखीच अंतरे देतो, 4.5, 6 आणि 10.5 तो कुठून देणार? दुसरा पंथ मल्टिलाइनवाल्यांचा. 1994 च्या रिलीज 13 मध्ये ती आली तेव्हा त्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. जास्तीत जास्त सोळा रेघा आणि तिला वळण घेता येत नाही. रस्ता वळला की यांची मल्टिलाइन कोपऱ्यात रुसून बसे. शेवटी ती एक्स्प्लोड करून हेच लोक ऑफसेट मारत.

मधली वर्षे मेनू, टूलबार आणि रिबनची. त्यांत सांगण्यासारखे फारसे नाही.

खरी परीक्षा छपराची. उतार एकास दहा आणि पर्लिन दीड मीटरवर म्हटले, की हल्लीची मुले प्लॅनमध्ये 1500 टाकून मोकळी होतात. दीड मीटर हे उतारावरचे अंतर. प्लॅनमध्ये ते साधारण 1492.6 मिलिमीटर भरते. वीस गाळ्यांत जवळजवळ 149 मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तो बरोबर मोभाशी येऊन साचतो. माझे रूटीन अंतराच्या आधी उतार विचारते ते एवढ्यासाठी.

आज रूटीन्स फुकट मिळतात. ऑटोकॅड एलटीवाल्यांना तीस वर्षे नाकारलेले लिस्प 2024 च्या आवृत्तीत मिळाले, आणि नेमके आताच ते लिहिणारे सापडत नाहीत. क्लासेसमध्ये कमांड पाठ करून घेतात. रूटीन ज्याने सुरू होते ते डीफन म्हणजे काय विचारले की पोरे एकमेकांकडे पाहतात. आता म्हणे यंत्राला मराठीत सांगितले तरी ते लिस्प लिहून देते. देऊ दे, माझी तक्रार नाही. फक्त त्याला सांगताना अंतर उतारावरचे की प्लॅनमधले, मध्यापासूनचे की कडेपासूनचे, कुठल्या लेयरवर, हे सांगावे लागेल. एवढे ज्याला नेमके सांगता येते त्याने निम्मे रूटीन लिहिलेच आहे. आयटीआयच्या ड्राफ्ट्समन-सिव्हिलच्या दोन वर्षांत प्रत्येक पोराकडून असे एक तरी रूटीन हाताने लिहून घ्या, ही माझी जुनी मागणी. ती मी याही अंकात नोंदवून ठेवतो.