बार्बीची कंबर : एक छोटंसं गणित

इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पहिल्या शीटपासून आपण स्केल शिकतो. आज ते जरा वेगळ्या वस्तूला लावून बघू. वस्तू आहे बार्बी बाहुली. आपल्या शिरवळच्या खेळण्यांच्या दुकानातसुद्धा ती, नाहीतर तिची स्वस्तातली नक्कल, टांगलेली दिसतेच.

बार्बी साडेअकरा इंच उंच आणि स्केल १:६. सहाने गुणलं की उंची आली ५ फूट ९ इंच. इथपर्यंत ठीक आहे. पण याच हिशोबाने तिची बाकीची मापं साधारण अशी येतात : छाती ३६, कंबर १८, नितंब ३३ इंच. कंबर १८ इंच! १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी असं गणित मांडलं, की बार्बीच्या बांध्याची बाई लाखात एकसुद्धा सापडणार नाही. तिचा मित्र केन, त्याच्या बांध्याचा पुरुष मात्र पन्नासात एक सापडेल. म्हणजे अशक्य माप आलं ते मुलीच्याच वाट्याला.

मग ही मापं आली कुठून? रूथ हँडलर यांनी ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात बार्बी पहिल्यांदा मांडली. नमुना होता जर्मनीतली 'बिल्ड लिली' ही बाहुली, जी मुळात मोठ्या माणसांसाठी विकली जायची! बारीक कमरेचं एक कारण कंपनीकडून नेहमी सांगितलं जातं : बाहुलीला कपडे नीट बसायला हवेत. यात तथ्य आहे. बाहुली सहापट लहान होते, पण कापड सहापट पातळ होत नाही. समजा कापड अर्धा मिलिमीटर जाड आणि कमरेवर त्याचे चार पदर. म्हणजे चहूबाजूंनी २ मिमी वाढले. घेर वाढला २π × २, म्हणजे साडेबारा मिमी. त्याला सहाने गुणा, साधारण ३ इंच होतात. १८ अधिक ३, एकवीस. म्हणजे कपडे घालूनही कंबर एकवीसच! कापडाची सबब तीन इंचांपुरतीच चालते.

शिवाय १९६५ सालच्या एका बार्बीसोबत चक्क वजनकाटा मिळायचा. त्याचा काटा ११० पौंडांवर कायमचा चिकटवलेला. सोबत वजन कमी करण्याचं छोटं पुस्तक, आणि त्यातला सल्ला एकच : खाऊ नका! ११० पौंड म्हणजे ५० किलो. ५ फूट ९ इंच उंचीला बीएमआय येतो सुमारे १६. १८.५ च्या खाली डॉक्टर कमी वजन म्हणतात.

"बाहुलीच ती, एवढं काय मनावर घ्यायचं?" असं कुणी म्हणेल. २००६ साली इंग्लंडमध्ये ५ ते ८ वर्षांच्या १६२ मुलींवर एक प्रयोग झाला. काहींना बार्बीची चित्रं दाखवली, काहींना भरल्या अंगाच्या बाहुलीची, काहींना कुठलीच बाहुली नाही. बार्बी पाहिलेल्या लहान मुली स्वतःच्या शरीरावर जास्त नाराज निघाल्या आणि त्यांना आणखी बारीक व्हायचं होतं. लहानपणी मिळालेलं मनात किती खोल जातं, हे आपल्या सातारा जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. इथे २०११ साली 'नकुसा' नावाच्या २८० हून जास्त मुलींची नावं जिल्हा परिषदेने समारंभ करून बदलली होती. नाव उघड बोलतं, बाहुली गुपचूप बोलते, एवढाच फरक.

आपल्या आज्यांची बाहुली होती लाकडाची ठकी, नाहीतर चिंध्यांची. तिला कंबर अशी नव्हतीच! भातुकलीत ती पोटभर जेवायची आणि बाहुल्याशी थाटात लग्नही करायची. तेव्हाच्या मुलींना दुसरे काच भरपूर होते, पण निदान बाहुलीचा तरी नव्हता.

आता हॉस्टेलकडे येऊ. रात्री मेसमध्ये "माझं डाएट आहे" म्हणून भाकरी परत पाठवणाऱ्या किती जणी आहेत, ते मेसच्या मावशींना विचारा. त्याच मुली रक्तदान शिबिरात हौसेने रांगेत उभ्या राहतात आणि हिमोग्लोबिन १२.५ भरत नाही म्हणून परत येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, सगळा दोष बाहुलीवर टाकता येणार नाही. पण आधीच रक्त कमी असलेल्या मुलीने बारीक दिसण्यासाठी जेवण सोडणं म्हणजे ओव्हरलोड बीमचा एक सपोर्ट आपणच काढून घेणं!

२०१६ साली कंपनीने बुटकी, उंच आणि भरल्या अंगाची अशा तीन नव्या बार्बी आणल्या. चांगलंच झालं. पण घरच्या धाकट्या बहिणीला, भाचीला बाहुली देताना हे स्केलचं गणित तिला जरूर करून दाखवा. आणि मुलांनो, कुणाला 'जाडी' म्हणून हाक मारण्याआधी केनचंही माप एकदा स्वतःला लावून बघा. उरलेल्या सगळ्यांनी आज रात्री मेसमध्ये वेळेवर या. भाकरी गरम आहे तोवरच!