शोक आणि विषाद



घरांतलें माणूस गेलें कीं तेरा दिवस घर आल्यागेल्यांनीं भरलेलें असतें. चौदाव्या दिवशीं सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि खरें दुःख तेथून पुढें सुरू होतें. या दुःखाविषयीं, आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या एका आजाराविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. त्या आजारास मी विषाद म्हणतों. डॉक्टर त्यास नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात. मी वैद्य नव्हे, निवृत्त शाळामास्तर आहें. परंतु हा भेद न ओळखल्यामुळें माझ्या हातून एक चूक झाली, म्हणून बोलण्याचें धाडस करतों.

माझी पत्नी वारली, त्याच वर्षीं माझ्या एका स्नेह्यांवरही तोच प्रसंग आला. तिचा चष्मा दृष्टीस पडला कीं माझा घसा दाटून येई. पण तासाभरानें नातवाच्या बोलण्याचें हंसूंही येई. दुःख लाटेसारखें येई आणि ओसरे. माझे स्नेही मात्र रडतही नसत. पहाटे तीनला जागे होऊन बसत, अन्नावरची त्यांची वासना उडाली, आणि ‘मी कोणाच्याच उपयोगाचा नाहीं,’ एवढेंच पुनःपुन्हां म्हणत. मीं त्यांस धीर धरावयास सांगितलें. मुलगा काळजी करूं लागला, तेव्हां ‘बायको गेली आहे, दुःख व्हावयाचेंच,’ असें म्हणून मीं त्यास गप्प केलें. असे दोन महिने गेले. एके दिवशीं ‘आतां जगून काय करूं?’ असें ते सुनेपाशीं बोलले. तिनें मात्र वेळ दवडला नाहीं. त्याच दिवशीं त्यांस डॉक्टरांकडे नेलें.

फ्रॉइड यांनीं १९१७ सालच्या एका निबंधांत हा भेद दाखविला आहे. शोकांत माणसाचा स्वतःविषयींचा आदर शाबूत राहतो. विषादांत तोच ढांसळतो. सतत दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहणें किंवा कशांतच गोडी न वाटणें, आणि त्याबरोबर झोप व भूक बिघडणें, शक्ति न उरणें, अकारण अपराधी वाटणें, मरणाचे विचार येणें, हीं विषादाचीं लक्षणें होत.

परंतु दुःखाला कारण आहे, म्हणून तो आजार नव्हे, असें मानूं नये. माझी चूक हीच. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथांतही पूर्वीं आप्तमृत्यूनंतरचे पहिले दोन महिने सहसा वगळीत असत. २०१३ च्या आवृत्तींत ती सवलत काढून टाकली. कारण आप्तमृत्यु हेंच विषादाचें निमित्त होऊं शकतें, आणि दोन्ही एकाच मनांत नांदूं शकतात.

साध्या शोकास औषध नको, सोबत हवी. गेलेल्या माणसाचें नांव काढावें, बोलूं द्यावें, रडूं द्यावें. मात्र सहा महिने उलटूनही तो तितकाच तीव्र राहून नित्यव्यवहार अडवीत असेल, तर त्यासही उपचार आहेत.

विषादाची शंका आल्यास प्रथम घरच्या डॉक्टरांस दाखवावें. थायरॉइडच्या विकारानेंही असें होतें. नंतर मानसोपचारतज्ज्ञ गांठावा. समुपदेशन व औषधें दोन्ही उपयोगी पडतात. औषधाचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात. तीं आपल्या मनानें बंद करूं नयेत. केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. ती विनामूल्य व अहोरात्र चालते, आणि तेथें मराठींत बोलतां येतें. मरणाचे विचार येतात काय, हें सरळ विचारावें; विचारल्यानें ते मनांत भरत नाहींत. उत्तर होकारार्थी आल्यास त्या माणसास एकटें सोडूं नये व तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

माझे स्नेही आतां बरे आहेत. पत्नीच्या तिथीस त्यांचे डोळे अजून भरून येतात. त्या वेळीं मी त्यांस उपदेश करीत नाहीं; नुसता शेजारीं बसतों.