पोकलेनला हायड्रॉलिक थंब बसवताय? आधी लाईन तपासा, मग पैसे द्या

बाभळीची खोडं काढणं, बांधावरचे धोंडे हलवणं, ओढ्यात अडकलेली लाकडं बाहेर ओढणं... नुसत्या बकेटने ही कामं करताना धोंडा निसटतो, वेळ आणि डिझेल दोन्ही जातं. म्हणून पोकलेन मालक थंब बसवतात. थंब म्हणजे बकेटसमोरचा लोखंडी अंगठा. दोघांच्या मध्ये वस्तू घट्ट धरता येते.

साधा की हायड्रॉलिक?
साधा थंब पिन टाकून एका जागी पक्का करतात. स्वस्त पडतो, पण कोन बदलायचा तर खाली उतरून पिन बदलावी लागते. असं काम कधीतरीच असेल तर तो पुरे. रोजचं काम असेल तर हायड्रॉलिक घ्या, ऑपरेटर केबिनमधूनच तो हलवतो.

ब्रेकरची लाईन आहे म्हणून गाफील राहू नका
खरी फसगत इथंच होते. ब्रेकरला तेल एकाच बाजूने दाबाने जातं आणि परत टाकीत येतं. थंबला मात्र उघडताना आणि मिटताना, दोन्ही बाजूंनी दाब लागतो. तुमची लाईन एकतर्फी असेल तर वॉल्व्ह, पाईप आणि पेडल किंवा स्विचचा खर्च वेगळा येणार. तो आधीच कोटेशनमध्ये लिहून घ्या.

थंबच्या लाईनला रिलीफ वॉल्व्ह आहे ना, हेही विचारा. बकेटच्या सिलिंडरचा जोर थंबपेक्षा जास्त असतो. जादा दाब सोडायला वाट नसेल तर थंबच्या सिलिंडरचा रॉड वाकतो किंवा सील फुटतं.

माप कसं घ्यायचं?
• मशीन किती टनाचं, त्याच वर्गाचा थंब घ्या. २० टनी मशीनचा थंब ७ टनी मशीनवर चढवला तर पुढचं वजन वाढतं आणि तेवढी उचल कमी होते.
• बकेटच्या पिनच्या मध्यापासून दाताच्या टोकापर्यंत अंतर मोजा. थंबची लांबी त्यावरून ठरते. क्विक कपलर असेल तर तो लावूनच मोजा.
• थंबची बोटं बकेटच्या दातांच्या फटीत बसली पाहिजेत, दातावर आपटता कामा नयेत.

जोडणी
बकेटच्याच पिनवर फिरणारा थंब बकेटबरोबर फिरतो, म्हणून पकड जास्त टप्प्यात टिकते. आर्मवर स्वतंत्र ब्रॅकेट असलेल्या थंबची पकड काही कोनांतच नीट बसते. ब्रॅकेट वेल्ड करायचं असेल तर अनुभवी वेल्डरच बघा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर जळू शकतो. मशीन वॉरंटीत असेल तर डीलरला विचारून उत्तर लेखी घ्या.

शेवटचा हप्ता देण्याआधी
बकेट आणि थंब पूर्ण उघडून-मिटवून बघा. होस ताणतो का? कुठं घासतं का? खोदताना थंब आर्मला नीट चिकटून राहतो का? आणि एक लक्षात ठेवा, पकड कितीही घट्ट असली तरी होस फुटला की धोंडा खाली येतो. उचललेल्या वजनाखाली माणूस उभा राहू देऊ नका.