मामा तलाव : भंडारा जिल्ह्याची भूमी, लोक, शासन आणि अर्थव्यवहार

भंडारा जिल्ह्याच्या सरकारी कागदपत्रांत 'मा. मा. तलाव' ही संज्ञा वारंवार आढळते. 'माजी मालगुजारी तलाव' याचे ते संक्षिप्त रूप होय. कचेरीतील हे लघुरूप आता लोकांच्या तोंडी बसले असून खेड्यापाड्यांतून 'मामा तलाव' असाच उच्चार ऐकू येतो. एखाद्या प्रदेशाचा परिचय भूगोल, लोक, राज्यकारभार आणि अर्थव्यवस्था अशा चार प्रकरणांत करून देण्याची रूढी आहे. भंडाऱ्याच्या बाबतीत ही चारही प्रकरणे तलावाच्या काठी एकत्र येतात. म्हणून या एका संज्ञेच्या आधाराने जिल्ह्याचे स्वरूप समजून घ्यावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भूमी आणि पाणी

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील हा जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. उत्तरेस मध्य प्रदेश, पूर्वेस गोंदिया, दक्षिणेस चंद्रपूर व गडचिरोली आणि पश्चिमेस नागपूर, अशा त्याच्या सीमा आहेत. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके त्यात राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या १२,००,३३४ इतकी होती. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा ही येथील मुख्य नदी. बावनथडी, सूर, चूलबंद इत्यादी नद्या तिला मिळतात. आणि ती स्वतः वर्धेला मिळून प्राणहिता या नावाने गोदावरीत विलीन होते.

पाऊस वर्षास सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पडतो. इतका पाऊस पडणाऱ्या प्रदेशास तलावांची गरज का भासावी, असा प्रश्न सहजच मनात येतो. त्याचे उत्तर धानाच्या पिकात आहे. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि तोही सलग पडत नाही. धान निसवण्याच्या सुमारास, म्हणजे पावसाळा सरत असताना, आठपंधरा दिवसांची उघडीप पडली तर उभे पीक हातचे जाते. त्या वेळी एकदोन पाणी मिळाले की पीक तरते. शिवाय भूमी उंचसखल असून टेकड्यांच्या पायथ्याशी उतार सौम्य आहे. अशा ठिकाणी थोड्या लांबीचा मातीचा बांध घातला तरी पुष्कळ पाणी अडते. भूमीने दिलेली ही सोय आणि पावसाने निर्माण केलेली ही गरज यांतून या भागातील तलाव जन्मास आले. पूर्व विदर्भातील अशा तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक सांगितली जाते.

लोक आणि बोली

या तलावांच्या उभारणीचे श्रेय मुख्यतः कोहळी समाजाकडे जाते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींविषयी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वैनगंगेच्या खोऱ्यातील कोहळ्यांची नोंद तलाव बांधणारे आणि उसाची व धानाची शेती करणारे कुशल शेतकरी अशी केली आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने आपल्या पूर्वजांस काशीहून आणले, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे परंपरा सांगते. कोहळ्यांखेरीज कुणबी, पोवार, गोंड, हलबा, तेली, कलार, महार, कोष्टी इत्यादी समाज जिल्ह्यात आहेत. तलावातील मासेमारी व शिंगाड्याचे पीक यांवर ढिवर समाजाची उपजीविका पूर्वापार चालत आली आहे.

मराठी ही येथील मुख्य भाषा. तिच्या जोडीस पोवारी व गोंडी याही भाषा घरोघरी नांदतात. या भागातील मराठी बोलीस 'झाडीबोली' म्हणतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिच्या अभ्यासाचा पाया घातला. या बोलीत 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'र' येतो : पाणी म्हणजे 'पानी', डोळा म्हणजे 'डोरा'. हा नियम ध्यानात घेतला म्हणजे तलावाच्या बांधास येथे 'पार' का म्हणतात, हे उलगडते. प्रमाण मराठीतील 'पाळ' या शब्दाचेच ते रूप होय. वडाच्या झाडाभोवतालच्या पाराशी त्याची गल्लत करू नये.

तलावाच्या प्रत्येक अंगास स्वतंत्र शब्द आहे. पाणी सोडण्याच्या दाराला 'तुडूम' म्हणतात, जादा पाणी वाहून जाण्याच्या सांडव्याला 'सलंग', एकदोन शेतांपुरत्या लहान तळ्याला 'बोडी', धानाच्या बांधबंदिस्त शेताला 'बांधी'. कोकणात जिला लावणी म्हणतात ती येथे 'रोवणी'. रोपे म्हणजे 'पऱ्हे'. रोवणी न करता बी फेकून केलेली पेरणी ती 'आवत्या'. हे शब्द कामाच्या क्रमाशी बांधलेले आहेत. सलंग किती उंच ठेवावी, तुडूम केव्हा उघडावे, पहिले पाणी कोणत्या बांधीला द्यावे, यांविषयीचे ज्ञान या शब्दांच्या आधारानेच एका पिढीकडून दुसरीकडे जात असे.

मालकी आणि राज्यकारभार

१८५३ साली तिसऱ्या रघूजींचे निधन झाले, तेव्हा इंग्रजांनी नागपूरचे भोसले राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतरच्या दशकात झालेल्या जमाबंदीत गावचा वसूल भरणाऱ्या पाटलांना गावाचे मालक ठरविण्यात आले. 'मालगुजार' या फारसी शब्दात 'माल' म्हणजे महसूल आणि 'गुजार' म्हणजे भरणारा. शब्दाचा अर्थ केवळ 'महसूल भरणारा' एवढाच आहे. मालकीचा अर्थ त्याला कायद्याने मागाहून चिकटला. तथापि या मालकीबरोबर एक व्यवस्थाही चालत आली. पार खचला तर मालगुजाराने माणसे लावावीत, गाळ काढवावा, पाण्याची पाळी ठरवावी, असा रिवाज होता. या व्यवस्थेत वेठबिगारही होती आणि कुळांची नाडवणूकही होती, हे विसरून चालणार नाही.

मध्य प्रदेश राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव शासनाकडे आले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यानंतर लहान तलाव परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी विभागणी झाली. मालगुजारी रद्द होणे न्याय्यच होते. परंतु कायद्याने मालकी हस्तांतरित होते, रिवाज आपोआप हस्तांतरित होत नाही. पार दुरुस्त करण्याचे गावचे कर्तव्य संपले आणि ते काम अंदाजपत्रकाच्या मंजुरीवर अवलंबून राहिले. शासनाने पाणीपट्टी मागावी आणि गावकऱ्यांनी फुकट पाण्याचा आपला जुना हक्क पुढे करावा, असा वाद उत्पन्न झाला.

हा जुना हक्क म्हणजे 'निस्तार' होय. सरपण, चराई, पाणी इत्यादी नित्य गरजा गावच्या सामाईक साधनांतून भागविण्याचा हा अधिकार. जमाबंदीच्या वेळी गावोगावचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या दस्तऐवजात लिहून ठेवीत. 'निवेदन करण्यास योग्य ते' असा या अरबी शब्दबंधाचा अर्थ. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने (१९६६) 'निस्तार पत्रक' व 'वाजिब-उल-अर्ज' या दोन्ही संज्ञा कायम ठेवल्या. मात्र संहितेतील वाजिब-उल-अर्ज हा शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या भूमीतील व जलातील सिंचन, वहिवाट आणि मासेमारी यांच्या रिवाजांपुरता मर्यादित आहे. तलाव शासनाचा झाल्यामुळे त्यावरील रिवाज या नोंदीच्या कक्षेबाहेर पडला, असा याचा परिणाम दिसतो.

असे अन्यत्रही घडले आहे. श्रीलंकेत इंग्रजांनी १८३२ साली 'राजकारिय' ही सक्तीची श्रमसेवा रद्द केली. सुधारणा उदात्त होती. पण याच श्रमांवर गावतलावांची निगा अवलंबून असल्यामुळे अनेक तलाव निकामी होत गेले. अखेरीस १८५६ मध्ये कायदा करून भातशेतीच्या पाण्याविषयीच्या गावच्या जुन्या रिवाजांना पुन्हा मान्यता द्यावी लागली. सक्ती काढून घेताना कर्तव्याची दुसरी सोय लावून द्यावी लागते, हा या उदाहरणाचा बोध आहे.

अर्थव्यवहार

भंडाऱ्याची अर्थव्यवस्था एकट्या शेतीवर उभी नाही. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. वरठी येथे पोलादाचा आणि जवाहरनगर येथे दारूगोळ्याचा कारखाना आहे. कोशाचे कापड, विड्या व तेंदूपाने हे जुने व्यवसाय आहेत. भंडारा शहराची ख्याती पितळी भांड्यांसाठी असून शहराच्या नावाचा संबंध लोक या धंद्याशी लावतात. बाराव्या शतकाच्या आरंभीच्या रतनपूर येथील कलचुरी शिलालेखात येणारे 'भाणार' हे नाव भंडाऱ्याचेच, असे अभ्यासक मानतात. जुन्या मराठीत 'भाणे' म्हणजे जेवणाचे ताट. महानुभाव वाङ्मयात मात्र चक्रधरस्वामींच्या शिष्याचे नाव 'निळभट्ट भांडारेकार' असे येते. ध्वनिसाम्यावरून धंदा सिद्ध होत नाही, एवढे येथे नमूद करणे पुरे.

तरीही बहुसंख्य कुटुंबांचे पोट धानावर आहे, आणि लहान शेतकऱ्याचे धान अजूनही गावच्या तलावाकडे पाहते. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे वैनगंगेवरील मोठ्या धरणाची कोनशिला १९८८ साली बसविली गेली. मोठ्या धरणाचे कालवे जेथे पोहोचतात तेथे त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या वरच्या गावांना तलावावाचून दुसरा आधार नाही. या तलावांत गाळ साचला आहे, बुडीत क्षेत्रात अतिक्रमणे झाली आहेत आणि काठावर बेशरमाची झुडपे माजली आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेने गाळ काढण्यास चालना दिली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढिवर समाजाच्या साहाय्याने काही तलावांतील बेशरम उपटून स्थानिक जलवनस्पती पुन्हा लावल्या. मासे, पक्षी आणि पाणी यांचा परस्परसंबंध ढिवरांना ठाऊक होता, म्हणूनच हे काम शक्य झाले.

उपसंहार

'माजी मालगुजारी' हे नाव तलाव पूर्वी कोणाचा होता एवढेच सांगते. आज तो कोणाचा आहे, हे त्यातून कळत नाही. मामाच्या घरी भाच्याचे लाड होतात, परंतु त्या घरात त्याला वाटा नसतो आणि छप्पर शाकारण्याची जबाबदारीही नसते. गाव आणि तलाव यांचे आजचे नाते बरेचसे याच स्वरूपाचे झाले आहे. ते पालटावयाचे असेल तर गाळ काढण्याच्या जोडीस दोन कामे करणे अवश्य आहे. पहिले, जुन्या वाजिब-उल-अर्जातील पाण्याच्या नोंदी गाववार काढून त्यांचे सोप्या मराठीत वाचन व्हावे; म्हणजे हक्क व कर्तव्य यांची वाटणी नव्याने करताना ग्रामसभेस आधार मिळेल. दुसरे, तुडूम, सलंग, पार यांसारखे शब्द त्यांच्यामागील कार्यपद्धतीसह वृद्ध शेतकऱ्यांकडून टिपून घ्यावेत. पहिले काम महसूल खात्याच्या अभिलेखागारातले आणि दुसरे भाषाविभागाचे आहे. हे शब्द जाणणारी पिढी आता थकत चालली आहे. तेव्हा दुसऱ्या कामास विलंब करून चालणार नाही.