शटर जुळवायचंय? बिट शोधण्याआधी शटर वाचा

ओट्याखाली डिशवॉशर बसवायचा असतो, किंवा सिंकखालचं एखादं शटर पाणी पिऊन फुगतं आणि तेवढं एकच नवं करावं लागतं. बाकीची शटरं ठणठणीत. मग कडेच्या नक्षीवर बोट फिरवून कुणीतरी म्हणतं, "असाच राउटर बिट मिळाला की झालं." मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, नाहीतर मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि दोन-तीन बिट विकत घेऊनही नवं शटर वेगळंच दिसतं. दोष बहुतेक वेळा बिटाचा नसतो. जुनं शटर कसं बनलंय हे न पाहताच खरेदी झालेली असते.

"नक्षी एक, म्हणजे बिटही एकच," हा पहिला गैरसमज. खऱ्या लाकडी चौकटीच्या शटरमध्ये तीन वेगळे आकार असतात: शटरच्या बाहेरच्या कडेचा, चौकटीच्या आतल्या कडेचा आणि मधल्या पॅनेलच्या उताराचा. त्यातल्या आतल्या कडेलाच दोन बिट लागतात. एक बिट उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या लांबीला नक्षी आणि पॅनेल बसायची खाच पाडतो. दुसरा आडव्या पट्टीच्या टोकाला त्याच नक्षीचा नेमका उलटा आकार काढतो, म्हणजे टोक उभ्या पट्टीच्या नक्षीवर घट्ट बसतं. हे दोन बिट जोडीनेच घ्यायचे. एक या कंपनीचा, दुसरा त्या कंपनीचा असं केलं तर सांध्यात फट राहते, आणि ती पॉलिशखाली लपत नाही.

पण तुमचं शटर या पद्धतीचं आहे का? ते खोलून खिडकीच्या उजेडात धरा आणि कोपरा पाहा. उभी पट्टी वरपासून खालपर्यंत अखंड, आडवी तिला येऊन टेकलेली आणि सांध्यावर लाकडाच्या रेषांची दिशा बदललेली दिसली तर जोडीचे बिट लागतील. सांधा कोपऱ्यात ४५ अंशांत तिरका असेल तर उलट्या आकाराचा प्रश्नच येत नाही. आतल्या नक्षीचा आणि खाचेचा बिट मिळाला की भागलं. आपल्याकडच्या असंख्य स्वयंपाकघरांत तर चौकट नसतेच. प्लायवूडवर व्हिनिअर किंवा सनमायका आणि वर सागवानी बीडिंगची पट्टी चिकटवून चौकटीचा भास केलेला असतो. पट्टी आणि प्लाय यांच्यामध्ये केसाएवढी रेष सापडली की बिटाचा शोध थांबवा आणि पट्टीचा तुकडा घेऊन बीडिंगच्या दुकानात जा.

चौथा प्रकार एमडीएफच्या मेम्ब्रेन शटरचा. अख्ख्या फळीत सीएनसी मशिनने नक्षी कोरतात आणि वर पातळ पीव्हीसी फॉइल गरम करून व्हॅक्यूमने ओढून बसवतात. ओळखायची खूण सोपी आहे. सांधा कुठेच नसतो आणि नक्षीचा आतला कोपरा बऱ्याचदा गोलसर असतो, कारण फिरणारा बिट आपल्या गोलाईपेक्षा टोकदार कोपरा करू शकत नाही. (व्ही-आकाराचा बिट कोपऱ्यात वर उचलत नेला तर कोपरा टोकदार येतो, त्यामुळे ही एकच खूण पुरेशी नाही. मागची बाजू सपाट, पांढरी आहे का तेही पाहा.) असं शटर हातातल्या राउटरवर करायच्या भानगडीत पडू नये, हे माझं स्पष्ट मत. नक्षी जमली तरी फॉइल घरी बसत नाही. जुनं शटर नमुना म्हणून मेम्ब्रेनवाल्याकडेच न्यावं.

लाकडी शटर आहे याची खातरजमा करायची आणखी एक खूण पॅनेलच्या कडेला सापडते. अस्सल लाकडाचं पॅनेल खाचेत डिंक न लावता सैल बसवलेलं असतं, कारण पावसाळ्यात ते रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. आक्रसलं की चौकटीला लागून बिनपॉलिशची फिकट उभी रेघ उघडी पडते. एप्रिल-मे महिन्यांत जुन्या सागवानी कपाटांवर ती सहज दिसते. नवं पॅनेल करतानाही ते डिंकाने जखडू नका, नाहीतर पहिल्याच पावसात चौकटीचे सांधे उघडतील.

"फोटो पाठवला की दुकानदार बरोबर बिट देतो." फोटोत खोली कळत नाही, कोन तिरपा येतो आणि मापाला आधारच नसतो. शिवाय बिटाच्या चित्रात धातूचा आकार दिसतो, तर लाकडावर त्याचा उलटा उमटतो. घाईत पाहणारा इथे हमखास फसतो. सुयांचा प्रोफाइल गेज बरा, पण सुया जाड असल्या की बारीक पायऱ्या त्यात गोल होऊन जातात. सर्वांत खात्रीचा पुरावा म्हणजे शटरचा आडवा छेद. फुगून फेकायला काढलेलं शटर हाताशी असेल तर ते करवतीने आडवं कापा. नसेल तर नक्षीवर सेलोटेप घट्ट बसवून त्यावर एम-सील दाबा, कडक झालं की उचला आणि हॅकसॉने मधोमध कापा. कापलेला भाग स्टीलच्या पट्टीसह स्कॅनरवर ठेवून १०० टक्के मापात प्रिंट काढला की दुकानात बोलायला कागद तयार. जाडी आणि पायरीची खोली व्हर्निअर कॅलिपरने मोजून त्याच कागदावर लिहा.

छेद कुठून घेता यालाही महत्त्व आहे. वर्षानुवर्षांचं पॉलिश, रंग आणि घासकाम यांनी समोरची नक्षी बोथट झालेली असते. बिजागरीकडची, हात न लागणारी कड मूळ आकाराच्या जास्त जवळ असते. मेम्ब्रेनमध्ये तर फॉइलची जाडीही मापात येते.

"नुसतं ओगी म्हटलं की कळतं," असंही लोक धरून चालतात. ओगी म्हणजे एस-सारखी वळणदार नक्षी, जुन्या सुतारांच्या बोलीत गोला-गलता. पण तिचं एकच ठरलेलं माप नसतं. दोन कंपन्यांच्या ओगीत गोलाई, रुंदी, पायरी सगळं वेगळं असू शकतं. त्यात इंच आणि मिलिमीटरचा घोळ. पाव इंच गोलाई म्हणजे ६.३५ मिमी, ६ नव्हे. हा फरक दोन वेगळ्या शटरांमध्ये डोळ्याला कळत नाही, मात्र एकाच सांध्यात समोरासमोर आला की कळतो. पॅनेलच्या खाचेतही हीच गंमत होते. पाव इंची बिटाने पाडलेल्या खाचेत आपला ६ मिमी प्लाय खुळखुळतो, आणि बाजारातला "६ मिमी" प्लाय प्रत्यक्षात बरेचदा त्याहून पातळ भरतो.

बिटाचा दांडा हा नुसता सोयीचा भाग नाही, तो सुरक्षेचा प्रश्न आहे. ६ मिमी दांडा राउटरच्या पाव इंची कॉलेटमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीत, जातो म्हणून चालवून घेऊ नका. त्याला पकड मिळत नाही आणि कापता कापता तो निसटतो. त्याहून धोकादायक समजूत म्हणजे "ट्रिमरवर कुठलाही बिट चालतो." पॅनेलचा रुंद उतार काढणारा आडवा बिट सुमारे साडेतीन इंच, म्हणजे ८९ मिमी व्यासाचा असतो. ट्रिमर, म्हणजे हातात धरायचे छोटे राउटर, मिनिटाला ३०,००० च्या आसपास फिरतात. त्या वेगाने या बिटाची धार ताशी ५०० किलोमीटरने धावेल. असे बिट अर्धा इंची दांड्याचे असतात. ते टेबलला पक्क्या बसवलेल्या, वेग कमी करता येणाऱ्या मोठ्या राउटरवर, मिनिटाला साधारण १०-१२ हजारांवर आणि थोडं थोडं कापत चालवायचे. हातात धरून कधीच नाही. सागवानात सिलिका असते आणि ती साध्या हायस्पीड स्टीलची धार लवकर मारते, म्हणून कार्बाइडचीच धार घ्या.

आता उरला प्रश्न, नेमका बिट मिळतोच का? पुष्कळदा नाही. कारखान्यातली शटरं मोठ्या मशिनवर, त्या कामासाठी खास घासून घेतलेल्या पात्यांनी केलेली असतात. तोच आकार राउटर बिटात कुणी विकायला ठेवला असेल असं नाही. त्यासाठी अडून बसायचीही गरज नसते. गोलाईच्या साध्या बिटाला लहान बेअरिंग लावलं की त्याच गोलाईच्या एका अंगाला पायरी पडते. बिट जरा खोल उतरवला की दुसऱ्या अंगालाही पडते. दोन बिटांच्या दोन फेऱ्यांतून तिसरा आकार निघतो. कोपऱ्याला उलटा आकार जमत नसेल तर नक्षी तेवढी ४५ अंशांत कापून जुळवा आणि ताकदीसाठी एका पट्टीचं कुसू दुसरीच्या भोकात बसवा. राउटर येण्याआधी सुतार हेच करत होते. एक-दोन शटरांसाठी पोलादी पातं घासून हाताने खरवडलेली नक्षी खास बिट बनवून घेण्यापेक्षा स्वस्तही पडते. जास्त शटरं असतील तर मात्र कटर बनवणाऱ्याकडून बिट घासून घेणं परवडतं.

शटरांमध्ये साधारण दोन-तीन मिलिमीटरची फट असते. त्या फटीपलीकडे नक्षीतला अर्ध्या मिलिमीटरचा फरक कुणी पाहत नाही. चौकटीच्या पट्टीची रुंदी चुकली, सावली पाडणारी पायरी वरखाली झाली किंवा पॉलिशची छटा वेगळी आली, तर मात्र दारातूनच कळतं. म्हणून बिटावर आणखी खर्च करण्याआधी पॉलिशवाल्याला त्याच लाकडाचा तुकडा रंगवून दाखवायला सांगा. आणि नवं शटर सगळ्यांच्या मधोमध बसवू नका. मापं सारखी असतील तर फ्रिजकडच्या कोपऱ्यातलं जुनं शटर मधल्या जागी आणा आणि नवं त्या कोपऱ्यात लावा.