नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

वडील जातात. दिवसकार्य आटोपलं की घरात कागदांची पिशवी उघडली जाते. करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीकडे कधीतरी भरून दिलेला नॉमिनेशनचा फॉर्म. त्यावर थोरल्याचं नाव असतं. मग कुणीतरी म्हणतं, "बाबांनी फ्लॅट त्याच्याच नावावर केलाय की!" या वाक्यापायी सख्खी भावंडं एकमेकांच्या दारी जायची थांबलेली मी पाहिली आहेत. वाईट वाटतं ते यासाठी, की ते वाक्यच मुळात चुकीचं आहे.

"नॉमिनी आहे, म्हणजे फ्लॅट त्याचा"

नाही. सभासद वारल्यावर सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा, एवढंच नॉमिनेशन सांगतं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ नुसार नॉमिनीला केवळ तात्पुरता सभासद करून घेतात, तेही खरे वारस नोंदले जाईपर्यंत. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली 'सरबती देवी' खटल्यात हेच सांगितलं होतं, की नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण ते वारसांचे असतात. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतचा वाद डिसेंबर २०२३ मध्ये 'शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर' या निकालाने मिटला. तिथेही उत्तर तेच आलं.

मग मालक कोण? मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिलेली व्यक्ती. नसेल तर कायद्याने ठरवलेले वारस. हिंदू वारसा कायदा, १९५६ बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.

एक उदाहरण घेऊ. स्वतःच्या कमाईचा फ्लॅट असलेला माणूस मृत्युपत्र न करता गेला. मागे बायको, दोन मुलगे, लग्न झालेली एक मुलगी आणि त्याची वृद्ध आई. फ्लॅटचे पाच सारखे हिस्से होतात. नॉमिनी असलेल्या थोरल्याचा हिस्सा एक पंचमांश, बहिणीचाही तेवढाच. आणि आजीचाही. आई पहिल्या वर्गातली वारस असते, पण वडील तसे नसतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पुढे आजीही मृत्युपत्राविना गेली, तर तिचा हिस्सा तिच्या सगळ्या मुलांकडे, म्हणजे काका-आत्यांकडेही जातो. गेलेल्या मुलाचा वाटा त्याच्या मुलांना मिळतो. फ्लॅट विकायला काढल्यावर खरेदीदाराचा वकील आत्याची सही मागतो आणि घरात सगळे चक्रावतात. हा गुंता एका कागदाने टळला असता.

"मृत्युपत्राला स्टँपपेपर लागतो, नोंदणी लागते"

दोन्ही लागत नाहीत. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे साध्या कागदावर करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं, असं मी आग्रहाने सांगेन. कारण पुढे कुणी सही खोटी म्हटली, तर सरकारी दप्तरातला दाखला कामी येतो. पण नोंदवलं म्हणून ते अंतिम ठरत नाही. नंतर केलेलं साधं, पण वैध मृत्युपत्रही आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला मागे सारतं. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा तरुण असावेत, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला बसवू नये.

मृत्युपत्राने सगळं हवं त्याला देण्याची आपल्याकडची पद्धत गोव्यात मात्र चालत नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तिथल्या कायद्यात मुलांसाठी निम्मा वाटा राखीव असतो. माणूस मृत्युपत्राने उरलेल्या निम्म्याचीच व्यवस्था लावू शकतो. गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता मुंबई-पुण्यात असली, तरी तिला गोव्याचाच कायदा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं.

"मुलीला लग्नात दिलं, आता तिचा काय हक्क?"

लग्नाच्या खर्चाने वारसाहक्क फिटत नाही. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या त्यातून वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत का, हा प्रश्न उरला होता. 'विनीता शर्मा' खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला उत्तर आलं, की नाही, हक्क जन्मानेच मिळतो. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या मोडता येत नाहीत.

तरीही बहिणीला माहेरी बोलावून, साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. तिला कागद वाचूनही दाखवत नाहीत. स्वखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणी आहेत, त्यांचा मान आहेच. पण तो कागद नोंदणीकृत नसेल तर घराजमिनीचा हक्क त्याने सुटत नाही, आणि फसवून घेतलेल्या सहीला कोर्टात आव्हान देता येतं. माहेर तुटेल या भीतीने सही करणाऱ्या बाईला निदान आपण कशावर सही करतोय हे कळलं पाहिजे.

"सातबाऱ्यावर नाव चढलं, आता काळजी नाही"

सातबारा मुख्यतः महसुलासाठी आहे. फेरफाराच्या नोंदीने मालकी जन्माला येत नाही. वारसनोंद वेळेत करावी, पण त्यात एखाद्या बहिणीचं नाव राहून गेलं तर तिचा हक्क बुडत नाही. म्हणून जमीन घेणाऱ्याने नुसता चालू उतारा पाहून बयाणा देऊ नये. जुने फेरफार काढावेत, त्यात कुणाची नावं कधी आणि कशी गळली ते पाहावं, आणि गळलेल्या माणसाला जाऊन भेटावं.